बॅटरी उतरेपर्यंत

जी गाडी स्वतःच्या बळावर घरी परत येते, तिच्याविषयी माझ्या साडूंना फारसा आदर नव्हता. तसली गाडी कोणीही चालवतो, असं त्यांचं मत होतं. त्यांची स्वतःची गाडी जाताना विजेवर जायची आणि येताना बैलांवर यायची, आणि दोन्ही वेळी त्यांच्या चेहऱ्यावर सारखंच समाधान असायचं. त्या काळी आंजीहून वर्ध्याकडे येणाऱ्या रस्त्यावर एखादा शेतकरी बैल सोडून निंबाखाली भाकर खात बसलेला असावा, समोरून कसलाही आवाज न करता तीन चाकांची एक पत्र्याची पेटी यावी आणि त्याच्यापाशी मंद होत होत उभी राहावी. तो बिचारा न सांगता उठायचा आणि बैलांकडे वळायचा. "आज इथंच काय मास्तर?" एवढंच विचारायचा. "काल नाल्यापाशीच उभी राह्यली होती, आज इथवर आली," असं साडू उतरता उतरता सांगायचे, आणि त्यालाही आपल्याइतकाच आनंद झाला असणार असं समजून खिशातली सुपारी त्याच्यापुढे धरायचे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वर्ध्याच्या एका तंत्रशाळेत ते मुलांना विजेच्या मोटारींचं वाइंडिंग शिकवायचे आणि राहायचे आंजीला, सासूबाईंच्या घरी. सासूबाईंना दोन मुलीच. सासरे गेल्यावर शेतीकडे बघायला घरात पुरुषमाणूस हवा, म्हणून थोरल्या जावयाने तिथे येऊन राहावं असं ठरलं. साडूंनी शेतीकडे बघितलं, पण ते अगदी शब्दशः. पेरणीच्या दिवसांत ते बांधावर उभे राहायचे आणि वखर ओढायला बैलांना किती ताकद लागत असेल याचा हिशेब मनात करत तासन् तास बघायचे. वखर सालदारच हाकायचा. मी धाकटा जावई, वर्ध्याला बँकेत. सासूबाईंच्या लेखी मी फार शहाणा होतो, कारण मी काहीच करत नव्हतो. साडू रोज काहीतरी करत, त्यामुळे त्यांच्याबद्दल सासूबाईंचं मत बनायला रोज नवं कारण मिळायचं.

सत्तरच्या दशकात पेट्रोल एकदम महाग झालं तेव्हा सगळ्यांनीच कपाळाला हात लावला. साडूंनी मात्र आपली स्कूटर विकून टाकली आणि मला म्हणाले, "साडभाऊ, पंखा विजेवर फिरते, पिठाची चक्की फिरते. मंग गाडीचं चाकच काऊन नाई फिरणार?" मी म्हणालो, चक्की एका जागी असते, तिला तार पुरते. "म्हनूनच तं," ते म्हणाले, "वीज संगं न्याची." हे त्यांनी डबा संगं न्यावा इतक्या सहज सांगितलं. पुढची काही वर्षं ती वीज बरोबर कशी न्यायची, याच एका विवंचनेत गेली. नागपूरच्या भंगार बाजारातून जुन्या तीनचाकीचा सांगाडा आला, कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातली मोटार आली, ट्रकच्या बॅटऱ्या आल्या. सासऱ्यांच्या दमणीची, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीची, बैठक काढून ती मागच्या बाजूला पेटीवर बसवली. त्या पेटीत बॅटऱ्या ठेवल्या आणि सांगाडा मधोमध वाकून जमिनीला टेकला. त्या गाडीचा पहिला प्रवास असा सरळ खालच्या दिशेने झाला. साडूंना त्याचं दुःख झालं नाही. त्यांनी सांगाड्याला लोखंडी पट्ट्या जोडल्या. पट्ट्यांनी वजन वाढलं, वजन वाढलं म्हणून बॅटऱ्या लवकर उतरू लागल्या, लवकर उतरतात म्हणून त्यांनी आणखी बॅटऱ्या घेतल्या, आणि त्यांच्यासाठी पुन्हा पट्ट्या लागल्या. या फेऱ्यात दुसरा कोणी वेडा झाला असता. साडू त्यात घरच्यासारखे राहत होते.

बॅटरीतल्या ॲसिडमुळे त्यांच्या सगळ्या पँटी चाळणीसारख्या झाल्या होत्या. शाळेत मुलं हसतात म्हणून ताईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीने, त्यांना नवी पँट शिवून दिली, तर ती मळू नये म्हणून त्यांनी ती गाडीच्या पेटीवरच घडी करून ठेवली. संध्याकाळी त्या घडीतून पलीकडचं दिसत होतं. चार्जिंगची तऱ्हा आणखी वेगळी. गावात वीज मुळात अशक्त यायची, दिवा कंदिलाशी स्पर्धा करायचा. साडूंनी गाडी चार्जिंगला लावली की आळीतले सगळे दिवे एकदम लाजल्यासारखे मान खाली घालायचे आणि दोनचार माणसं दारात येऊन विचारायची, "मास्तर, जेवन होऊ द्या ना जरा." साडू लगेच तार काढायचे. मग लोक जेवायचे आणि जाताना सांगून जायचे, "हाव, लावा आता."

गाडीचा वेग कमीजास्त करायला त्यांनी शेगडीच्या कॉइल वापरल्या होत्या. पायाखाली खटका. तो थोडा दाबला की वीज सगळ्या कॉइलींतून फिरून मोटारीला मिळे आणि गाडी हळू चाले, पुरता दाबला की तांब्याचे दोन तुकडे एकमेकांना भिडत आणि वीज थेट मोटारीत जाई. हळू चालवताना कॉइली लालबुंद व्हायच्या. एवढी उष्णता वाया का घालवायची, म्हणून साडूंनी त्यांच्यावर किटली ठेवायची सोय केली. मला एकदा त्यांनी गावातल्या गावात फिरवून आणलं आणि मारुतीच्या देवळापाशी उतरवून चहा दिला. "हळू चालवली का चहा लवकर होते," त्यांनी समजावून सांगितलं. चहा चांगला होता.

गाडीला आवाज नसणं हा त्यांना गाडीचा मोठा गुण वाटायचा, पण गावाला त्याची सवय नव्हती. गाडी पाठीमागून येऊन खांद्याशी उभी राहिली तरी कळत नसे. एका म्हाताऱ्याने दचकून हातातलं दूध सांडलं, तेव्हा साडूंनी गाडीच्या पुढे बैलांची घुंगरमाळ बांधली. त्यानंतर लोक बाजूला होऊ लागले, पण रस्त्याकडेची गुरं मागे येऊ लागली. परिवहन कार्यालयात नंबर घ्यायला गेले तर तिथल्या साहेबांनी विचारलं, इंजिन किती सी. सी. चं. साडू म्हणाले, इंजिनच नाही. साहेब म्हणाले, रकान्यात शून्य लिहिता येत नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, म्हणून साडू चहा पिऊन निघाले. साडूंनी घरी येऊन नंबराच्या पाटीवर सुरेख अक्षरांत 'प्रयोग चालू आहे' असं रंगवलं, आणि ते वाचून पोलीस त्यांना कधी अडवत नसत. बहुधा प्रयोगात आपण सापडू नये असं त्यांना वाटत असावं.

हे सगळं ताईंनी पाच-सहा वर्षं सोसलं. मग ऐंशी साल उलटल्यावर आम्हाला मुलगी झाली, आणि बारशाला सासूबाईंना वर्ध्याला आणायचं ठरलं. सासूबाईंचे गुडघे धरलेले. एस.टी.च्या पायऱ्या त्यांना चढवत नसत, आणि छकड्यात हाडं खिळखिळी होतात म्हणून त्या बसत नसत. साडू म्हणाले, "आईले मी आनतो. गाडी नरम चालते." ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊजी, तुमी संगं बसजा. अन् आई धड पोचली नाई तं दुसऱ्या दिवशी भंगारवाला आनतो मी. आता बस झालं." त्या स्वतः सकाळच्या एस.टी.ने पुढे गेल्या. आदल्या दिवसापासून मी आंजीतच होतो, त्यामुळे सुटका नव्हती.

होळी होऊन गेली होती. ऊन चढायच्या आत आम्ही निघालो. पुढे साडू, मागे दमणीच्या बैठकीवर सासूबाई आणि मी. सासूबाई अंगाने भरलेल्या, नऊवारी नेसलेल्या, मांडीवर बाळंतविड्याचं गाठोडं. त्यांना बसवायला शेजारच्या दोन बाया लागल्या होत्या. बसल्यावर त्यांनी विचारलं, "जवाईबापू, बैल कुठं भेटन आज?" साडू म्हणाले, "आज नाई लागत आई." आणि खरोखरच गाडी छान निघाली. घुंगरं वाजत होती, वारा लागत होता, सासूबाई रस्त्यावरच्या बायांशी बसल्या जागेवरून बोलत होत्या. आवाज नसल्यामुळे चालत्या गाडीतून गप्पा मारता येतात ही सोय त्यांना पहिल्यांदाच कळली. नेहमीचा नाला गेला, निंब गेला. निंबाखालच्या शेतकऱ्याने उठायला सुरुवात केली आणि आम्ही पुढे गेलेलं बघून तो पुन्हा बसला.

मोकळा रस्ता बघून साडूंनी खटका पुरता दाबला. थोड्या वेळाने समोर एक बैलगाडी दिसली तेव्हा त्यांनी पाय काढला, पण आमचा वेग होता तसाच राहिला. बैलगाडीला वळसा घालून आम्ही पुढे गेलो. त्यांनी ब्रेक दाबला. गाडी कण्हली, जळका वास आला, आणि खाली काहीतरी तटकन तुटलं. साडू मागे न बघता हळू आवाजात म्हणाले, "साडभाऊ, तुमी घट्ट धरून बसजा. तांब्याचे तुकडे एकमेकाले चिकटले. सुटून नाई राह्यले."

"मग मेन स्विच बंद करा," मी म्हणालो.

"थो आईच्या खाली आहे."

पाणी लागू नये आणि गावातल्या पोरांनी हात लावू नये म्हणून त्यांनी स्विच बैठकीखाली पेटीत बसवला होता, आणि पेटीचं झाकण म्हणजेच बैठक. मी फ्यूजबद्दल विचारलं. फ्यूज वारंवार जायचा म्हणून त्यांनी तिथे जाड तार घातली होती. ती कधीच जाणार नव्हती, आणि हे त्यांनी मला एरवी मोठ्या अभिमानाने सांगितलं असतं. मी सासूबाईंना म्हणालो, "आई, जरा उठता येईल का?" त्या म्हणाल्या, "मले घरी उठाले दोघीजनी लागते. अन् तुमी चालत्या गाडीत उठा म्हनता. काऊन, झालं काय?"

"काई नाई आई," साडू म्हणाले. "गाडी थांबून नाई राह्यली."

"मंग चालू द्या. थांबली का तुमाले बैल पाह्यजे."

वर्धा जवळ येत होतं. पुढे बाजाराचा रस्ता, सायकली, शाळेची पोरं, आणि गाडीला ना ब्रेक ना आवाज. साडूंचा शर्ट पाठीला चिकटला होता. ते मला ऐकू येईल एवढंच बोलले. "आईले काई झालं तं मी घरी तोंड नाई दाखवनार, साडभाऊ. तिले सांगजा, मी मुद्दाम नाई केलं." त्यांचा असा आवाज मी आधी ऐकला नव्हता. मी काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं, पण मी बैठकीची कड दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. तेवढ्यात रस्त्याच्या कडेला कापसाच्या बाजाराचं मोठं आवार दिसलं. हंगाम संपल्यामुळे आवार रिकामं, फाटक सताड उघडं. साडूंनी गाडी आत घातली आणि भिंतीच्या कडेकडेने गोल फिरवायला सुरुवात केली. आता बॅटरी उतरेपर्यंत असंच फिरायचं.

फाटकापाशी स्टुलावर चौकीदार बसला होता. त्याच्याशी आमचं जे बोलणं झालं ते एका फेरीला एक वाक्य या गतीने झालं. पहिल्या फेरीला तो म्हणाला, "पास आहे काय?" दुसऱ्या फेरीला साडू म्हणाले, "नाई." तिसऱ्या फेरीला तो उभा राहून म्हणाला, "मंग बाहेर व्हा." त्याच्या पुढच्या वेळी साडूंनी सांगितलं, "होता येत नाई." तो विचारात पडला. एक फेरी त्याने नुसतं बघितलं. मग विचारलं, "काऊन?" आम्ही पुन्हा त्याच्यासमोर आलो तेव्हा साडू म्हणाले, "बिरेक तुटला." मग मात्र त्या भल्या माणसाने काठी उचलली, आवारात चरणाऱ्या बकऱ्या हाकलल्या आणि फाटकात उभा राहून आत येणारे लोक अडवले. माझ्या घराचा पत्ता मी त्याला तुकड्यातुकड्यांनी दिला. त्याने एका सायकलवाल्याला तिकडे पिटाळलं.

प्रत्येक कोपऱ्यावर गाडी एका अंगाला कलायची आणि आतलं चाक जमिनीवरून उचलल्यासारखं व्हायचं. मग मी माझं सगळं वजन आतल्या बाजूला टाकून बाहेर लोंबायचो. बँकेत इतकी वर्षं बसून कमावलेल्या त्या वजनाचा तेव्हा पहिल्यांदा उपयोग झाला. सासूबाई सुरुवातीला डोळे मिटून रामराम म्हणत होत्या. थोड्या वेळाने तो आवाज बंद झाला म्हणून मी घाबरून बघितलं, तर त्यांचे डोळे उघडे होते, पदर खांद्यावरून उडत होता आणि त्या समोर बघत होत्या. "तुमचे सासरे शंकरपटात बैल पळवत," त्या मला म्हणाल्या. "भल्ले पळत आमचे बैल. दोनदा नंबर आला. मी म्हनलं, एक डाव मले बसू द्या. तं म्हने, बायामानसाचं काम नाई." एक कोपरा आला. मी लोंबलो. परत बसलो तेव्हा त्या म्हणाल्या, "असंच वाटत असन त्याईले."

आणि पुढे साडूंच्या पाठीत हळूहळू फरक पडत होता. आधी ती ताठ होती, मग सैल झाली, मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "साडभाऊ," ते म्हणाले, "बॅटऱ्या अजून उतरून नाई राह्यल्या. आजवर कधी एवढी चालली नाई. काऊन बरं?" मी म्हणालो, मला माहीत नाही आणि जाणून घ्यायचंही नाही. एक कोपरा त्यांनी विचारात थोडा उशिरा घेतला. मग एकदम म्हणाले, "चुलीनं खाल्ली." मला वाटलं, उन्हाने त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला. "अर्धी वीज त्या कॉइलीच खात होत्या. आज थेट जाऊन राह्यली म्हनून पुरली. पाच-सहा वर्सं मी बॅटऱ्याईवर चहाच करून राह्यलतो." त्यानंतर ते इतके प्रसन्न झाले की चौकीदाराला फेरी येईल तसे हात करू लागले.

सायकलवाल्याने निरोप बरोबर पोचवला, पण जरा जास्तच जोरात. बारशाला जमलेली सगळी मंडळी आवाराच्या फाटकात आली. माझी बायको मुलीला खांद्यावर घेऊन उभी, शेजारी ताई. ताईंचा चेहरा मला प्रत्येक फेरीला दिसत होता. पहिल्यांदा त्यावर राग होता. पुढच्या खेपेला राग नव्हता, नुसती भीती होती, आणि त्यांनी दोन्ही हात तोंडावर धरले होते. त्यांची नजर आईवर नव्हती, नवऱ्यावर होती. आणि मग एका फेरीच्या मध्यावर गाडीचा जोर ओसरला. घुंगरं सावकाश वाजू लागली. आम्ही फाटकाच्या दिशेने येत येत, रोजच्या सवयीप्रमाणे मंद होत, मंडळींच्या पुढ्यात येऊन उभे राहिलो. मला आठवतं ते एवढंच, की मी पोटभर श्वास घेतला आणि मोकळ्या हवेचीही चव लागते हे मला तेव्हा समजलं.

सासूबाई म्हणाल्या, "झालं काय एवढ्यात?"

ताई साडूंजवळ गेल्या. त्या आता काय बोलतात म्हणून आम्ही सगळे जमिनीकडे बघू लागलो. त्यांनी पदराने साडूंचं कपाळ पुसलं, मानही पुसली, आणि म्हणाल्या, "हात सोडा आता त्या दांड्याचे." साडूंनी हात सोडायचा प्रयत्न केला, पण बोटं उघडेनात. ताईंनी एकेक बोट उलगडून ते सोडवले. मग बायकोने मुलीला सासूबाईंच्या मांडीवर दिलं. आता त्यांना उतरवून पुन्हा कशात बसवायचं हा प्रश्न होता. चौकीदार म्हणाला, "ढकलू ना." मग सगळे पाहुणे मागे लागले आणि नातीला मांडीवर घेतलेल्या सासूबाईंसकट ती गाडी आम्ही माझ्या दारापर्यंत ढकलत नेली. भंगारवाल्याचं नाव त्या दिवशी कोणी काढलं नाही, पुढेही नाही.

साडूंनी स्विच हाताशी आणला, नवे ब्रेक बसवले आणि कॉइली काढून टाकल्या. बॅटऱ्यांचे दोन गट केले. हळू जायचं तर एका तऱ्हेने जोडायचे, जोरात जायचं तर दुसऱ्या. गाडीत चहा मिळेनासा झाला, पण गाडी वर्ध्याला येऊन त्याच दिवशी आंजीला परत जाऊ लागली. निंबाखालचा शेतकरी मला एकदा भेटला तर म्हणाला, मास्तर आता बोलायला थांबत नाहीत. सासूबाईंना मात्र त्या गाडीचं वेड लागलं. आठवडी बाजाराला, कोणाकडे हळदीकुंकवाला, शेतावर, कुठेही त्या निघत आणि साडूंना म्हणत, "जवाईबापू, जरा जोरात चालू द्या." पुढची काही वर्षं तसं चाललं. मग एका हिवाळ्यात, कापूस वेचणीला आलेला असताना, सासूबाई एका संध्याकाळी शेत बघून आल्या, जेवल्या आणि झोपेतच गेल्या. कोणाला त्रास नाही, स्वतःलाही नाही. सगळे म्हणाले, सुटल्या.

तेराव्याला मी आंजीला होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर साडू गाडीच्या बॅटऱ्या काढून ओसरीवर ओळीने मांडत होते. दारात ओळखीचा एक भंगारवाला हातगाडी घेऊन उभा. त्याला साडूंनीच बोलावलं होतं. मी म्हणालो, "भाऊ, एवढी घाई कशाला?" ते बॅटरी पुसत म्हणाले, "चार्ज कोनासाठी कराची साडभाऊ? शाळेत जायाले एस.टी. आहे मले."

ताई आतून आल्या. त्यांनी बॅटऱ्यांकडे बघितलं, हातगाडीकडे बघितलं, आणि भंगारवाल्याला म्हणाल्या, "तू जाय बाप्पा. आमाले काई विकाचं नाई." तो गेल्यावर त्या ओसरीच्या पायरीवर बसल्या. इतक्या वर्षांत त्या या गाडीत एकदाही बसल्या नव्हत्या, हे माझ्या तेव्हा कुठे ध्यानात आलं. मग त्या साडूंना म्हणाल्या, "वेचनीवाल्या बाया शेतात आहेत. आई होती तं थे पाह्ये. आता मलेच पाहा लागन." साडू पुढची बॅटरी पुसायला लागले. "बसवा ना त्या बॅटऱ्या," ताई म्हणाल्या. "का मी पायी जाऊ?"

साडूंनी बॅटऱ्या बसवल्या. एक मीही उचलली आणि माझ्या पँटीला भोक पडलं. ताई दमणीच्या बैठकीवर जरा अंग चोरून बसल्या, पदर घट्ट खोवला, आणि म्हणाल्या, "हळूच चालवा." मी ओसरीवरून बघत होतो. कुठल्या तरी दुरुस्तीत घुंगरमाळ काढून ठेवलेली होती, त्यामुळे गाडी आळीतून निघून वळणावर दिसेनाशी झाली तरी कसलाच आवाज आला नाही. आळीत दुपारची शांतता होती. मी आत जाऊन आडवा झालो आणि बऱ्याच दिवसांनी मला गाढ झोप लागली.